दुकानातून उठलेला ‘स्पेक ऑप्स’ आणि टोरेंटवरचा रिपॅक

प्रश्न असा आहे: “‘स्पेक ऑप्स: द लाइन’ स्टीमवरून काढून टाकलाय, विकत मिळतच नाही. मग टोरेंटवरचा रिपॅक घेतला तर बिघडलं कुठे? मित्र म्हणतो, अँटिव्हायरस क्रॅकवर उगाच बोंबलतो, तेवढा बंद करून टाक. खरंच धोका असतो का?”

ज्यांना हे शब्द नवे त्यांच्यासाठी: स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणारं ऑनलाइन दुकान, टोरेंट म्हणजे लोकांनी आपापसांत फाइली वाटायची सोय, क्रॅक म्हणजे गेमचं कुलूप तोडणारा बदल, आणि रिपॅक म्हणजे क्रॅक केलेली, दाबून लहान केलेली कॉपी. आता आधी थोडक्यात. धोका खरा आहे. तुमचा मित्र सांगतो तेही अर्धं खरं आहे, आणि सगळा घोळ त्या अर्ध्या खऱ्यातच आहे. कायद्यापुढे ‘मिळत नाही’ ही सबब चालत नाही. आणि डाउनलोडच्या वाटेला जाण्याआधी तुमचं जुनं स्टीम खातं एकदा उघडून बघा. माझ्या ओळखीतल्या दोघातिघांना हा गेम तिथे धूळ खात पडलेला सापडलाय. आता सविस्तर लिहितो.

मी पुण्यात २२ वर्षं कॉम्प्युटर जुळवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतोय. सुरुवात तापकीर गल्लीतल्या एका दुकानात हाताखालचा पोऱ्या म्हणून झाली. त्या काळी गेम म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पाकिटातली डीव्हीडी, वर कलर झेरॉक्सचं कव्हर, शंभर-दीडशे रुपये. अशा डिस्का मी लोकांच्या मशीनवर चढवून दिल्यात, ढिगाने दिल्यात. त्यामुळे सोवळं नेसून पायरसीवर प्रवचन द्यायचा मला अधिकार नाही आणि द्यायचंही नाही. जे हाताखालून गेलं ते सांगतो.

हा गेम आला २६ जून २०१२ ला, अमेरिकेत. युरोपात तीन दिवसांनी. बनवला बर्लिनच्या यागर या स्टुडिओने, काढला टूके गेम्सने. त्या वर्षी आपल्याकडच्या पोराला तो सरळ मार्गाने घ्यायचा म्हटलं तरी काय होतं? स्टीमवर किमती डॉलरमध्ये होत्या. रुपयांत आल्या त्या नोव्हेंबर २०१५ मध्ये. यूपीआय जन्मालाही आलं नव्हतं. परदेशी व्यवहार चालणारं क्रेडिट कार्ड असायचं वडिलांच्या पाकिटात, आणि ते मागायचं कशासाठी, तर गोळ्या घालायच्या खेळासाठी! घरची लाइन ५१२ केबीपीएसची. सहा जीबी उतरवायला दिवसरात्र मशीन चालू, आणि आई दोन तासांनी येऊन मेन स्विच बंद करणार. त्यामुळे गल्लीतली डिस्क हाच राजमार्ग होता. तेव्हाची अडचण खिशाची आणि सोयीची होती. आजची अडचण वेगळी आहे: खिशात यूपीआय आहे, घरी फायबर आहे, फक्त काउंटरवर घेणारा नाही.

काउंटर बंद झाला तो जानेवारी २०२४ च्या अखेरीस. गेम स्टीमवरून अचानक गायब झाला आणि मागाहून टूकेने सांगितलं की गेमशी निगडित काही भागीदारी परवान्यांची मुदत संपतेय, म्हणून ऑनलाइन दुकानांतून तो काढतोय. ज्यांनी घेतलाय त्यांना मात्र पूर्वीसारखाच डाउनलोड करून खेळता येईल. लोकांनी लगेच गाण्यांकडे बोट दाखवलं, आणि ते तर्काला धरून आहे. गेम उघडला की जिमी हेंड्रिक्सच्या गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत करवादतं, पुढे डीप पर्पल आहे, ब्योर्क आहे, मोगवाई आहे. अशा गाण्यांचे हक्क ठराविक वर्षांसाठी घेतलेले असतात. ‘अॅलन वेक’ हा गेम मे २०१७ मध्ये गाण्यांच्याच परवान्यांपायी दुकानांतून उठला होता. पण त्यांनी जाण्याआधी ९० टक्के सूट देऊन सगळ्यांना घेऊ दिला, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये परवाने नवे करून तो परत आणला. ‘स्पेक ऑप्स’च्या वाट्याला ना निरोपाची सूट आली, ना परतीचं तिकीट. माझं मत विचाराल तर ही टूकेची हलगर्जी आहे. मुळात गेम फारसा खपला नव्हता, टूकेची मालक कंपनी टेक-टूने तेव्हाच भागधारकांना तसं सांगितलं होतं. तोट्यातल्या मालासाठी वकिलांचा खर्च कोण करणार?

गेम कसला आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वाळूच्या महाभयंकर वादळांनी दुबई गाडली गेलीय. लोकांना बाहेर काढायला गेलेली अमेरिकेची ३३ वी बटालियन, कर्नल कॉनरॅडसकट, तिथेच अडकलीय. तीन सैनिक टेहळणीला जातात: कॅप्टन वॉकर, अॅडम्स, लूगो. जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या कादंबरीचा हा वाळवंटी अवतार आहे, कर्नलचं आडनाव त्याची उघड पावती देतं. पहिला तासभर वाटतं, नेहमीचाच मसाला आहे, आडोशाला बसा आणि गोळ्या झाडा. मग फाटकाचा तो प्रसंग येतो.

समोर शत्रूचा मोठा तळ. बाजूला पांढऱ्या फॉस्फरसची तोफ. लूगो म्हणतो, पर्याय नेहमी असतो. वॉकर म्हणतो, नाही, इथे नाही. मग आकाशातून कॅमेरा, खाली करड्या पडद्यावर पांढरे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यावर तुम्ही आग ओतायची. इतर युद्धगेम्समध्ये हा भाग बक्षिसासारखा येतो. इथे त्या पडद्याच्या काचेवर वॉकरचा चेहरा उमटलेला दिसतो, सतत, आपण निशाणा धरतो तेव्हाही. संपल्यावर गेम दुसऱ्या जागी उडी मारत नाही. त्या धुरातून, जळणाऱ्या आणि अजून न मेलेल्या माणसांमधून, आपल्याला सावकाश चालत जावं लागतं. शेवटी कळतं की पडद्याच्या कडेला जो दाट पांढरा घोळका होता ते सैनिक नव्हते. तिथे बायका-मुलांना आसरा दिला होता. बाळाला पोटाशी धरलेल्या आईवर कॅमेरा थांबतो. यानंतर गेम लोड होताना पडद्यावर ज्या सूचना येतात, त्या ‘ग्रेनेड कसा फेकावा’ याच्या राहत नाहीत. ‘अजून वीर असल्यासारखं वाटतंय का?’ असं थेट तुम्हालाच विचारतात. लेखक वॉल्ट विल्यम्स मुलाखतींमध्ये म्हणत असे की खेळणं थांबवून कंट्रोलर खाली ठेवणं हाही या गेमचा एक शेवट आहे.

हे एवढं सांगायचं कारण पायरेटेड कॉपीशी जोडलेलं आहे, आणि ते मला एका पोराने शिकवलं. २०१२ च्या गणपतीच्या आसपासची गोष्ट. डिस्क घेऊन गेलेला एक इंजिनिअरिंगचा मुलगा चार दिवसांनी परत आला. म्हणाला, “दादा, क्रॅक गंडलाय. हेलिकॉप्टरचा सीन परत आला. सुरुवातीला झाला होता तोच. सेव्ह फाइल उडाली वाटतं.” मीही शहाणा, दुसरी डिस्क काढून दिली, ‘री-इन्स्टॉल कर’ म्हणालो. त्याने परत सगळं पहिल्यापासून खेळलं, आणि तिथेच येऊन परत अडखळला. मग मी स्वतः बसून खेळलो तेव्हा कळलं. तो सीन परत येतोच. खुद्द वॉकरसुद्धा चक्रावतो आणि म्हणतो की थांबा, हे आधी झालंय. वॉकरचं डोकं फिरत चाललंय आणि गेम ते आपल्याला असं दाखवतो. एका दुकानाच्या दालनात दिवे लुकलुकतात आणि शत्रूच्या जागी पुतळे दिसतात. एका लढतीत मेलेला सोबती चिलखती शत्रू बनून अंगावर येतो. आपण मेलो आणि परत तिथून सुरू केलं तर तो नुसताच साधा शत्रू असतो, जणू मघाशी काही घडलंच नव्हतं. सीन संपताना पडदा काळा होतो की पांढरा, यातही खोच आहे.

सरळ घेतलेल्या कॉपीत असं काही दिसलं की माणूस थबकतो, ‘हे काय होतं?’ म्हणून मागे जाऊन बघतो. चोरीच्या कॉपीत पहिला संशय क्रॅकवर. त्या पोराने गेमचा सगळ्यात हुशार डाव ‘बग’ समजून दोनदा उडवून लावला.

आणि तो संशय निराधार नसायचा, हेही सांगितलं पाहिजे. चोरीच्या कॉपीला आतून खोड्या करणारे गेम खरोखर होते. प्रागच्या बोहेमिया कंपनीच्या २००१ च्या ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’मध्ये फेड नावाची युक्ती होती: कॉपी चोरीची आहे असं ओळखलं की गेम बंद पडत नाही, हळूहळू तुमचा नेम चुकायला लागतो. खेळणारा स्वतःलाच दोष देत बसतो. २००९ च्या बॅटमनच्या गेममध्ये चोरीच्या कॉपीत त्याला हवेत नीट तरंगताच येत नसे. ‘सीरियस सॅम ३’मध्ये न मरणारा एक विंचू मागे लागायचा. सगळ्यात झणझणीत उदाहरण ‘गेम डेव्ह टायकून’चं, २०१३ चं: बनवणाऱ्यांनी स्वतःच एक कॉपी टोरेंटवर सोडली, त्यात तुम्ही उभी केलेली गेम कंपनी पायरसीपायी दिवाळखोर होते. पहिल्या दिवशी २१४ जण विकतची कॉपी खेळत होते आणि ३,१०४ जण ही. त्यातले काही जण मदत मागायला आले, की आमच्या कंपनीचे गेम सगळे चोरतात, यावर उपाय काय!

आता क्रॅक म्हणजे नेमकं काय ते बघू, म्हणजे मित्राच्या म्हणण्यातलं अर्धं खरं कळेल.

स्टीमवरचा गेम सुरू होताना स्टीमला विचारतो, या माणसाने मला विकत घेतलंय का? हा प्रश्न नेण्या-आणण्याचं काम गेमच्या फोल्डरमधली एक छोटी डीएलएल फाइल करते. क्रॅक करणारा मुख्यतः ती फाइल बदलतो. नवी फाइल स्टीमकडे जातच नाही, स्वतःच ‘हो, घेतलंय’ असं उत्तर देऊन टाकते. दारावरचा वॉचमन हाकलून त्याच्या गणवेशात आपला माणूस उभा करावा तसं. शिवाय गेमच्या मुख्य फाइलवरचं वेष्टण सोडवावं लागतं. २०१२ च्या गेम्सना हे एवढंच होतं. डेनुव्होसारखी किचकट कुलुपं दोन वर्षांनी आली.

क्रॅक करणाऱ्या जुन्या टोळ्यांचं यात एक विक्षिप्त शिस्तीचं जग होतं. रेझर१९११, स्किडरो अशी त्यांची नावं. ८०-९० च्या दशकापासून चालत आलेली. डिस्कची प्रतिमा ठराविक आकाराच्या तुकड्यांत, सोबत प्रत्येक तुकड्याची तपासणी बेरीज (तुकडा धड आहे ना ते पडताळायचा आकडा), आणि एक एनएफओ फाइल. नोटपॅडमध्ये उघडली की अक्षरांनी काढलेलं नक्षीकाम, खाली इन्स्टॉलच्या सूचना, आणि शेवटी बहुतेकदा ‘आवडला तर विकत घ्या, बनवणाऱ्यांना आधार द्या’. दुकानात आम्ही हे वाचून हसायचो. पण त्यांची चढाओढ आपापसांत होती, कोण आधी आणि कोणाचं काम सफाईदार. त्यात व्हायरस घालणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं.

या क्रॅकवर अँटिव्हायरस ओरडतो ते खरं आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमची फाइल बदलणं, स्वतःचा कोड गुंडाळून लपवणं, ही लक्षणं व्हायरसचीच आहेत. तेव्हा ‘अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा’ ही सूचना प्रामाणिक क्रॅकसोबतही येते.

आणि आता ही सूचना वाचणाऱ्याच्या जागी स्वतःला न ठेवता लिहिणाऱ्याच्या जागी ठेवून बघा. तुम्हाला कोणाच्या मशीनमध्ये घुसायचंय. समोरचा माणूस स्वतःहून पहारा काढायला तयार आहे, अॅडमिनचे अधिकार द्यायला तयार आहे, आणि मशीनने धोक्याची सूचना दिली तरी ‘हे होतंच’ म्हणून ‘येस’ दाबायला तयार आहे. एवढी आयती शिकार दुसरीकडे कुठे मिळणार? चोरावर मोर म्हणतात ते हेच. मूळ क्रॅक कोणाचाही असो, तो उचलायचा, त्यात आपलं पिल्लू घालायचं आणि प्रसिद्ध रिपॅकवाल्याच्या नावाची हुबेहूब साइट काढून पुन्हा चढवायचा. नामवंत रिपॅकवाल्यांच्या नकली साइट्स शोधयंत्रात खऱ्यांच्या वर दिसतात, आणि इथे ‘खरं’ म्हणजे तरी काय, कारण तक्रार करायला दार कुठेच नाही.

दोन दाखले नोंदलेले आहेत. जून २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा प्रकार उघड केला. ‘जीटीए ५’, ‘फार क्राय ५’, ‘सिम्स ४’ अशा गेम्सच्या क्रॅक केलेल्या कॉप्यांतून तो पसरला होता. इन्स्टॉल झाला की मशीन एकदा सेफ मोडमध्ये चालू करायचा, कारण तिथे अँटिव्हायरस झोपलेला असतो; तेवढ्यात विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, उडवायचा, विंडोज अपडेट बंद करायचा आणि मोनेरो हे आभासी चलन खणत बसायचा, म्हणजे तुमच्या मशीनकडून आकडेमोड करवून ते चलन मालकासाठी कमवायचा. जगभरात २ लाख २२ हजारांवर मशीन, त्यातली १३ हजारांहून जास्त भारतात. दुसरा दाखला ताजा, कॅस्परस्की या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेला. ‘गॅरीज मॉड’, ‘बीमएनजी ड्राइव्ह’ अशा गेम्सचे इन्स्टॉलर काही महिने आधीच टोरेंटवर पेरून ठेवले आणि ३१ डिसेंबरला, जग सुट्टीवर असताना, ते जागे केले. यातली मला आवडलेली, म्हणजे धंद्याच्या नजरेने आवडलेली, गोष्ट अशी की हा प्रकार प्रोसेसरचे कोअर मोजायचा. आठपेक्षा कमी असतील तर खणायच्या फंदातच पडायचा नाही. गेमरची तगडी मशीनच हवी होती त्याला. आणि मशीनवर काय काय चाललंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की लगेच गप्प बसायचा.

हे शेवटचं लक्षण मी टेबलावर पाहिलंय. गेल्या उन्हाळ्यात एक लॅपटॉप आला. तक्रार: तापतो, पंखा ओरडतो, गेम मध्येच अडकतो. मुलाच्या वडिलांना कोणीतरी सांगितलेलं, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट बदला. उघडला, धूळ काढली, पेस्ट बदलली. चालू केला तर पाच मिनिटांत पंखा पुन्हा विमानासारखा. टास्क मॅनेजर उघडावा तर प्रोसेसर तीन टक्क्यांवर आणि पंखा हळूहळू शांत. बंद करावा की मिनिटभरात परत घोंघाट. बंद, चालू, बंद, चालू, मी पाच-सहा वेळा केलं, अक्षरशः लपाछपी. मुलगा शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने फरशीकडे. डाउनलोड फोल्डरमध्ये गेम सापडला, डिफेंडरच्या अपवादांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला. ‘सूचनेत लिहिलं होतं,’ म्हणाला.

त्याचं नशीब की खणणाराच निघाला. विजेचं बिल आणि पंखा, एवढ्यावर भागलं. हल्ली जास्त येतात ते चोरटे प्रोग्रॅम, लुमा आणि रेडलाइन जातीचे. ते पंखा ओरडवत नाहीत. काही सेकंदांत ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज उचलतात आणि निघून जातात. कुकी चोरली की ओटीपीचाही उपयोग नाही, कारण साइटच्या दृष्टीने तुम्ही आधीच आत आहात. स्टीमचं खातं, इन्स्टा, ईमेल, एकामागोमाग एक जातात आणि मग घरचे विचारतात की लिंकवर क्लिक तर केलं नव्हतं ना?

‘स्पेक ऑप्स’सारखा गेम या लोकांना का सोयीचा आहे हेही लक्षात घ्या. दुकानात मिळत नाही, शोधणारे मात्र आहेत. मशीनही फार लागत नाही, कोअर टू ड्युओ आणि २ जीबी रॅमवर चालायचा, म्हणजे घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवर कोणीही करून बघेल. एखादी वस्तू सरळ मार्गाने मिळेनाशी झाली की तिच्या नावाने सापळा लावणं सोपं होतं.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र क्षणभरही थांबू नका. गेम सहा जीबीच्या घरातला. कोणी वीस एमबीचा ‘सेटअप’ देत असेल तर तो गेम नाही. व्हिडिओच्या खाली लिंक आणि पासवर्ड लावलेली झिप, पासवर्ड बाजूला लिहिलेला: हा पासवर्ड तुमच्यासाठी नसतो, स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून असतो. कधी उलटंही करतात, छोट्याशा विषारी फाइलमध्ये शून्यं भरून ती सातशे-आठशे एमबीची फुगवतात, कारण बरेच स्कॅनर मोठ्या फाइली सोडून देतात. आणि डायरेक्टएक्सची (गेमचं चित्र-आवाज चालवणारा विंडोजचा भाग) एखादी डीएलएल नाही असा एरर आला, तर ती फाइल सुटी शोधू नका. हा एरर सरळ घेतलेल्या जुन्या गेमलाही येतो. मायक्रोसॉफ्टचा जुना डायरेक्टएक्स रनटाइम टाकला की जातो.

कायद्याचं. मी वकील नाही, पण दुकानात असताना छाप्यांच्या भीतीने हे पाठ झालेलं आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ६३ब नुसार चोरीची कॉपी आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. मात्र वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. कुलूप तोडण्याबद्दलचं कलम ६५अ हे २०१२ च्या दुरुस्तीने आलं, आणि ती दुरुस्ती लागू झाली २१ जून २०१२ ला, म्हणजे हा गेम बाजारात यायच्या बरोबर पाच दिवस आधी! टोरेंटमध्ये आणखी एक मेख असते. उतरवताना तुम्ही तेच तुकडे दुसऱ्यांना वाटतही असता, त्यामुळे ‘मी फक्त घेतला’ असं म्हणता येत नाही. घरात बसून एक जुना गेम खेळणाऱ्याच्या दारात पोलीस आल्याचं मी पाहिलेलं नाही. पण ‘प्रकाशकाने विक्री बंद केली’ म्हणून हक्क संपला असं कायद्यात कुठेही नाही. मुदत अजून कित्येक दशकं आहे.

हे न्याय्य आहे का? मला तरी वाटत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं, तिथे निघालेल्या जुन्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळ मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे गेम अभ्यासकांना दूरून दाखवायची मुभा द्या, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. आणि या गेमच्या बाबतीत एका देशात काउंटर पहिल्या दिवसापासूनच बंद होता: संयुक्त अरब अमिरातींनी त्यावर बंदी घातली होती. ज्या शहराची कथा त्याच शहरात गेम नाही. माझा आतेभाऊ तेव्हा शारजाला नोकरीला. दिवाळीत घरी आला आणि पहिली फर्माईश हीच, ‘ती दुबई बुडालेली डिस्क आहे का रे तुझ्याकडे?’ रोज ज्या रस्त्याने कामाला जायचो तो वाळूखाली कसा दिसतो ते बघायचंय, म्हणाला. दिली मी. खोटं कशाला बोलू. फाटकाच्या प्रसंगानंतर त्याने गेम बंद केला आणि फराळाला येऊन बसला. वॉल्ट विल्यम्सला हवा होता तो शेवट त्याने चोरीच्या कॉपीत गाठला.

आता तुम्ही काय करायचं ते. पहिलं म्हणजे लायब्ररी तपासा. हा गेम वर्षानुवर्षं सेलमध्ये कवडीमोलाने गेलाय, हंबल या गेम विकणाऱ्या साइटने एकदा फुकटही वाटला होता. लोकांनी घेतला आणि विसरले. हंबलच्या खात्यात न वापरलेल्या की, म्हणजे गेम आपल्या नावावर करायचे कोड, पडून असतात, त्याही बघा. गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर उत्तमच, तिथल्या इन्स्टॉलरला कुलूप नसतं. तो उतरवून हार्ड डिस्कवर ठेवून द्या. आपल्याकडच्या प्रोग्रॅमची अधिकृत कॉपी असेल तर खबरदारी म्हणून बॅकअप ठेवायला आपला कायदाही, कलम ५२, परवानगी देतो. घरातल्या मोठ्या भावंडाचं स्टीम खातं असेल तर स्टीमच्या फॅमिली सोयीतून तुम्हाला खेळता येईल का ते बघा.

सुट्या की विकणाऱ्या साइट्सवर मी तरी जाणार नाही. विक्री थांबल्यावर उरलेल्या कीचे भाव अव्वाच्या सव्वा झालेत आणि चोरलेल्या कार्डावर घेतलेली की पुढे रद्द झाली तर भांडायचं कोणाशी? जुनी पीसी डीव्हीडी तर घेऊच नका. तिची की एकदा स्टीमवर वापरली गेली की उरते ती नुसती चकती.

पायरेटेड कॉपी आधीच चालवून बसला असाल, तर आज रात्रीचं काम सांगतो. त्या मशीनचं इंटरनेट तोडा. दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून ईमेलचा पासवर्ड आधी बदला, मग स्टीमचा, बँकेचा, बाकीचे, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सगळीकडून लॉगआउट’ दाबा, नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेर काढा, एकही सेटअप किंवा झिप नको, आणि विंडोज कोरी टाका. ‘स्कॅन केला, काही सापडलं नाही’ यावर विसंबू नका. अपवादांच्या यादीत तुम्हीच काय टाकलंय ते आठवा.

विकत घ्यायचाच असेल तर माझ्या मते सगळ्यात सरळ रस्ता जुन्या कन्सोलच्या डिस्कचा. पीएस३ किंवा एक्सबॉक्स ३६० ची डिस्क जुन्या बाजारात अजून फिरते आणि तिला कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही. मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळायचा भाग, मिळणार नाही, पण त्याचं दुःख करू नका. तो दुसऱ्याच स्टुडिओकडून करून घेतला होता आणि खुद्द गेमच्या दिग्दर्शकाने, कोरी डेव्हिसने, त्याला कॅन्सरच्या गाठीची उपमा दिली होती. घेताना डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. मधून कडेकडे गेलेले ओरखडे एकवेळ चालतात, गोल फिरलेले नकोत. पीएस३ ची डिस्क कुठल्याही देशातली चालते, तेव्हा बाहेर कोणी असेल तर त्याला सांगायला हरकत नाही. एक्सबॉक्सची घेताना मात्र रीजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागासाठी काढलीय ते, विचारून घ्या. आणि पीएस५ मध्ये घालून ‘डिस्क खराब आहे’ म्हणून विकणाऱ्याला शिव्या देऊ नका, त्यात पीएस३ ची डिस्क चालत नाही. हेलिकॉप्टरचा सीन परत आला तरीही नका देऊ.